आजीला बाहेरचं काही झालेलं नाही : मेंदूच्या पेशीतल्या वाटपाची गोष्ट

खारदांड्याच्या एका गल्लीत आम्ही रक्तदाब तपासायला गेलो होतो. एका घरातल्या सूनबाईंनी आम्हाला हळूच बाजूला घेतले. म्हणाल्या, "सिस्टरताई, आईंना बाहेरचं काही झालंय का हो? दोन वेळा जेवतात आणि शेजारी जाऊन सांगतात, सून उपाशी ठेवते. पैसे स्वतःच उशीत लपवतात आणि माझ्यावर चोरीचा आळ घेतात. परवा रात्री संडासला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. पहाटे बंदरावर सापडल्या."

आजी दारातच बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तरच्या पुढचे वय. आम्ही "जय भीम, आजी" म्हटले. त्यांनी स्वच्छ आवाजात "जय भीम" केले. त्रिशरण-पंचशील म्हणाल का विचारले, तर हात जोडून एकही शब्द न चुकता सगळे म्हणाल्या. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला त्या लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून गेल्या होत्या. ती दादरची गर्दी, आईचे रडणे, सगळे त्यांनी सांगितले. मग आम्ही विचारले, "आजी, आज जेवलात काय?" आजी गोंधळल्या. ताट तर समोरच होते, नुकतेच धुतलेले.

नातू बारावीला, शास्त्र शाखेत. तो म्हणाला, "सिस्टर, सत्तर वर्षांपूर्वीचं आठवतं आणि अर्ध्या तासापूर्वीचं नाही. असं कसं? आणि हे आमच्या रक्तात आहे का? उद्या पप्पांना, मग मला होणार का?"

प्रश्न दोन होते. त्यांची उत्तरे देता यावीत म्हणून आम्ही पुन्हा वाचायला बसलो. नर्सिंगच्या डिप्लोमात आम्हाला मेंदूचे भाग पाठ करून घेतले होते, पण पेशीच्या आत काय चालते याबद्दल फार थोडे शिकवले होते. गेल्या तीस वर्षांत त्यात पुष्कळ भर पडली आहे. ती माहिती आपल्या वस्तीपर्यंत यावी म्हणून या वेळचे आरोग्य पान.

बंदरावरची निवड

दांड्यात राहणाऱ्याला हे समजायला अवघड नाही. सकाळी बोट लागते, जाळ्यातला माल खाली येतो. बोंबील, मांदेली, कोळंबी, जवळा, सगळे एकत्र. मग कोळणी गोल करून बसतात आणि निवडायला लागतात. हे विकायला, हे वलांडीवर सुकवायला, हे घरच्या कालवणाला, हे खराब, फेकून द्यायला. हात इतके सरावलेले की बोलता बोलता वाटे पडतात.

आता समजा, निवडणाऱ्या बायकाच कमी आल्या. मासळी तीच, बोट तीच. पण विकायचा माल उन्हात पडून राहील, खराब माल चांगल्यात मिसळेल, आणि दुपारपर्यंत सगळे बंदर नासेल. दोष मासळीचा नाही. वाटे करणारे हात कमी पडले, एवढेच.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशीत अखंड प्रथिने तयार होतात. काही प्रथिने पेशीच्या कडेला पाठवायची असतात, काही लांब शेपटीच्या टोकापर्यंत, काही परत कारखान्यात, आणि काही मोडून टाकायच्या जागी. चेतापेशीला हे काम इतर पेशींपेक्षा अवघड जाते, कारण तिची शेपटी फार लांब असते. पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटापर्यंत जाणारी एक पेशी जवळजवळ मीटरभर लांब असते. पाठवायची वस्तू चुकली तर निरोपही चुकतो.

हे वाटे करणारी काही खास प्रथिने पेशीत असतात. त्यांना वाटप करणारे रिसेप्टर म्हणू या. ते पेशीच्या आतल्या पिशव्यांच्या भिंतीत बसलेले असतात. एका टोकाने योग्य ती वस्तू पकडतात, दुसऱ्या टोकावर तिला कुठे न्यायचे याची खूण असते.

पाच भावंडे

माणसात या घराण्यातली पाच प्रथिने आहेत : सॉर्टिलिन, सॉर्ला आणि सॉर्सीएस नावाची तीन. पाचही मेंदूत भरपूर सापडतात. गंमत अशी की या घराण्याचा पहिला नातेवाईक माणसात सापडला नाही, तर यीस्टमध्ये सापडला, म्हणजे पावाचे पीठ फुगवते त्या किण्वात. तिथेही तो हेच काम करतो : एक प्रथिन पकडतो आणि पेशीच्या पाचक पिशवीत नेऊन सोडतो. सॉर्ला १९९६ साली सापडले, सॉर्टिलिन १९९७ साली. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांचा यात मोठा वाटा आहे.

यीस्टच्या आणि माणसाच्या पेशीत एकच युक्ती चालते. उच्चनीच, जात, वर्ण यातले काही त्या पेशीला ठाऊक नाही.

कच्चा निरोप, पक्का निरोप

चेतापेशी जगायची की मरायची, हे ठरवण्यातही या रिसेप्टरांचा हात असतो. त्यासाठी आधी एका बाईची गोष्ट सांगितली पाहिजे.

इटलीत रिता लेवी-मोंताल्चिनी नावाची तरुण डॉक्टर होती. घर ज्यू. १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे केले आणि ज्यू लोकांना विद्यापीठातून हाकलले. तिचेही काम गेले. तिने घरच्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. कोंबडीची अंडी आणायची, शिवायच्या सुईला धार लावून चाकू करायचा, आणि अंड्यातल्या पिलाच्या मज्जातंतू कसे वाढतात ते पाहायचे. युद्धात बॉम्ब पडू लागल्यावर खेड्यातल्या घरातही हेच चालू राहिले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत तिने आणि स्टॅन्ली कोहेन यांनी मज्जातंतूंना वाढवणारे प्रथिन शोधून काढले. १९८६ साली दोघांना नोबेल मिळाले. वयाच्या १०३ व्या वर्षी, २०१२ साली ती गेली. शाळेच्या दाराबाहेर बसवलेल्या आपल्या माणसांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

तर हे वाढवणारे प्रथिन पेशीत आधी कच्च्या स्वरूपात तयार होते. मग त्याचा एक तुकडा कापला जातो आणि ते पक्के होते. पक्के प्रथिन चेतापेशीला सांगते, जग, वाढ, नवा फाटा फोड. पण कच्चेच प्रथिन बाहेर पडले तर? २००४ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवले की हे कच्चे प्रथिन सॉर्टिलिनला आणि त्याच्या जोडीच्या आणखी एका रिसेप्टरला एकदम चिकटते आणि पेशीला उलटा निरोप जातो : मर. मेंदूला मार लागतो, तेव्हा पेशी मरण्यामागे हेही एक कारण असते.

मग सॉर्टिलिन वाईट का? तसे नाही. हेच सॉर्टिलिन चेतापेशीच्या आत जगण्याचे निरोप घेणारे रिसेप्टर लांब शेपटीच्या टोकापर्यंत पोचवायला मदत करते. शिकताना, लक्षात ठेवताना पेशीपेशीतला सांधा घट्ट करणारे दुसरे एक वाढप्रथिन आहे. ते योग्य वेळी बाहेर सोडता यावे म्हणून योग्य पिशवीत भरण्याच्या कामातही सॉर्टिलिन लागते. म्हणजे एकच हात, काम जागेवर आणि जोडीदारावर ठरते. तथागतांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद आम्हाला इथे आठवतो. एखादी गोष्ट स्वतःच्या स्वभावाने चांगली किंवा वाईट नसते. कारणे जमली की परिणाम घडतो, कारण काढले की परिणाम थांबतो.

सॉर्ला आणि विस्मरणाचा आजार

आता आजींच्या आजाराकडे येऊ. वय वाढल्यावर स्मरणशक्ती, विचार, दिशा, वागणे यात इतकी घसरण होते की रोजचे काम जमत नाही, त्याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. जर्मनीतले डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी ३ नोव्हेंबर १९०६ रोजी एका बाईच्या मेंदूची माहिती डॉक्टरांच्या सभेत मांडली. ती बाई ५१ वर्षांची असताना इस्पितळात आली होती. तिला स्वतःचे नाव लिहिताना अडायचे, नवऱ्यावर संशय यायचा. तिच्या मेंदूत पेशींच्या बाहेर साचलेले ढीग आणि पेशींच्या आत गुंतलेले दोरे दिसले.

ते ढीग एका छोट्या चिकट प्रथिनाचे असतात. त्याचे नाव अमायलॉइड बीटा. ते एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे पडून तयार होते. ते मोठे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असते आणि नेहमी त्याचे वाईटच होते असे नाही. ते कुठल्या पिशवीत जाते, यावर सगळे ठरते. एका पिशवीत गेले तर कात्री लागते आणि चिकट तुकडा पडतो. दुसरीकडे ठेवले तर तो तुकडा पडत नाही.

इथेच सॉर्ला लागते. सॉर्ला त्या मोठ्या प्रथिनाला पकडते, कात्रीच्या पिशवीतून बाहेर काढते आणि मागे कारखान्याकडे पाठवते. तरीही चिकट तुकडा तयार झालाच, तर त्याला मोडून टाकायच्या जागी नेण्यातही सॉर्ला मदत करते. २००४ साली संशोधकांनी सांगितले की अल्झायमर झालेल्या लोकांच्या मेंदूत हे प्रथिन कमी आढळते. २००५ साली बर्लिनच्या आणि डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी ते कसे काम करते ते दाखवले. २००७ साली अनेक देशांतल्या कुटुंबांचा अभ्यास करून सिद्ध झाले की सॉर्ला बनवणाऱ्या जनुकातले काही फरक अल्झायमरचा धोका वाढवतात.

बंदराची गोष्ट आठवा. निवडणारे हात कमी, माल नको तिथे पडून, आणि नासका ढीग.

नवे आधी का जाते आणि जुने मागे का राहते, हा नातवाचा पहिला प्रश्न. नवी आठवण पक्की करण्याचे काम मेंदूच्या आतल्या एका छोट्या वळणदार भागाकडे असते, त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. अल्झायमरमध्ये बहुधा तो भाग लवकर बिघडतो. जुन्या आठवणी मेंदूत इतरत्र पसरलेल्या असतात, वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा सांगून त्या घट्ट झालेल्या असतात. म्हणून आजींना दादरची गर्दी आठवते, जेवलेले नाही. त्या खोटे बोलत नाहीत, सुनेशी वैर धरत नाहीत. मेंदूने ती जेवणाची आठवण ठेवलीच नाही.

एक सांगायला हवे. आजींच्या मेंदूत सॉर्ला कमी पडले की आणखी काय झाले, हे दवाखान्यातल्या साध्या तपासणीत कळत नाही. आजार होण्यामागे वय, जनुके, रक्तवाहिन्या, मधुमेह अशी अनेक कारणे एकत्र येतात. पण हे मेंदूच्या पेशींचे दुखणे आहे, एवढे नक्की.

वाटप चुकले की आणखी काय होते

स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार लवकर, बहुधा ४५ ते ६५ च्या वयात येतो. त्यात विसरण्यापेक्षा वागणे आणि बोलणे आधी बदलते. शांत माणूस अचानक शिव्या देतो, लाज सोडतो, उगाच हसतो किंवा बोलणेच थांबवतो. लोक म्हणतात, दारू लागली, बाईचा नाद लागला. या प्रकाराच्या काही कुटुंबांत प्रोग्रॅन्युलिन नावाच्या प्रथिनाचे जनुक बिघडलेले आढळते, हे २००६ साली कळले. प्रोग्रॅन्युलिन पेशीच्या पाचक पिशवीत नेणारा हमाल म्हणजे पुन्हा सॉर्टिलिनच, हे २०१० साली कळले.

मग औषध कंपन्यांनी विचार केला : सॉर्टिलिनला अडवले तर बाहेर प्रोग्रॅन्युलिन जास्त राहील आणि रुग्णाला फायदा होईल. तसे औषध बनले. रक्तातले प्रोग्रॅन्युलिन वाढलेही. पण २०२५ साली मोठ्या चाचणीचा निकाल आला, त्यात रुग्णांचा आजार काही मंदावला नाही. एवढ्या खर्चानंतर हाती अपयश आले आणि ते जाहीरही झाले. विज्ञान असेच चालते. म्हणून "स्मरणशक्ती हमखास परत" असे सांगून पुड्या, तेल, काढे किंवा महागडी इंजेक्शने विकणारा दारात आला, तर त्याला आधी विचारा : चाचणी कुठे झाली, निकाल कुठे छापला?

रक्तात आहे का?

नातवाचा दुसरा प्रश्न. खरे उत्तर असे आहे. फार थोड्या कुटुंबांत एकाच जनुकातल्या बिघाडाने आजार पिढ्यानपिढ्या उतरतो, आणि तिथे तो बहुधा तरुण वयात, साठीच्या आतच येतो. बाकी बहुतेकांत जनुके धोका थोडा कमीजास्त करतात, नशीब लिहीत नाहीत. आजीला सत्तरीनंतर आजार झाला म्हणजे नातवाला होणारच, असे मुळीच नाही. आणि घरात कुणालाच नव्हता म्हणून मला होणार नाही, असेही नाही.

काही नातेवाईक म्हणतात, "मागच्या जन्माचे भोग." बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये पूर्वजन्मीच्या कर्मावर आजच्या दुःखाचे खापर फोडण्याला विरोध केला आहे. दुःखाचे कारण इथेच शोधायचे आणि इथेच दूर करायचे. आजारी माणसाला पापी ठरवणे हे दुःखावर दुःख.

हा आजार कुणाला बघून येत नाही. मुंबईच्या कामगारांना संपाची ताकद दाखवणारे जॉर्ज फर्नांडिस शेवटची अनेक वर्षे अल्झायमरने अंथरुणाला होते, २०१९ साली गेले. एवढा बोलका पुढारीही अबोल झाला.

किती घरांत आहे?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. आपल्या वस्तीतही असे म्हातारे असणारच. ते दिसत नाहीत, कारण आपण त्यांना "म्हातारचळ लागला" म्हणून कोपऱ्यात बसवतो.

शिक्षण कमी मिळालेल्यांत हा आजार जास्त आढळतो. वाचन-लेखनाने, विचार करण्याने मेंदूत सांधे वाढतात, आणि काही पेशी मेल्या तरी उरलेले सांधे काम निभावून नेतात. आपल्या आजी-पणजींना शाळा नाकारली गेली, त्याची किंमत त्या म्हातारपणी मेंदूत मोजतात. बाबासाहेबांनी शिका म्हटले, त्यात एवढे आरोग्यही होते.

पण याला दुसरी बाजू आहे. अंगठा लावणाऱ्या आजीला कागदावर आकृती काढायला सांगून, तारीख विचारून "फेल" ठरवायचे, हेही चूक. हरियाणातल्या बल्लभगढ भागात १९९० च्या दशकात निरक्षर म्हाताऱ्यांसाठी वेगळी, बोलून घ्यायची चाचणी तयार करावी लागली, ती याच कारणाने. तुमच्या आजीची तपासणी करताना तिला लिहिता-वाचता येत नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

आधी हे तपासा, यातले बरेच बरे होते

विसरणारा प्रत्येक म्हातारा अल्झायमरचा नसतो. पुढच्या कारणांनीही विसरायला होते आणि वेळेवर उपचार केले तर फरक पडतो :

बी-१२ जीवनसत्त्व कमी असणे. थायरॉइड मंद असणे. साखर फार वाढणे किंवा फार उतरणे. रक्तातले क्षार कमी होणे. मनाची उदासी, विशेषतः जोडीदार गेल्यावर. महिनाभरापूर्वी पडून डोक्याला मार लागला असेल तर आत हळूहळू साचलेले रक्त. क्षयरोगाचा मेंदूवर परिणाम. झोपेच्या आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्या. ऐकू कमी येणे : म्हाताऱ्याला ऐकूच येत नाही आणि आपण म्हणतो विसरला.

दोन-तीन दिवसांत एकदम गोंधळ सुरू झाला, माणूस बरळू लागला, दिवसरात्र कळेना, तर तो बहुधा अल्झायमर नसतो. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणे असे काही असते. त्याच दिवशी इस्पितळात न्या. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळले तर एक तासही थांबू नका, तो पक्षाघात असतो.

कुठे जायचे? साखर आणि रक्तदाब जवळच्या आपला दवाखान्यात तपासता येतो. वांद्र्याचे भाभा रुग्णालय आणि जुहूचे कूपर रुग्णालय दांड्याहून जवळ आहेत. आधी मेडिसिनच्या ओपीडीत जा. गरज पडली तर केईएम, नायर किंवा सायनच्या मेंदूविकार विभागात पाठवतात. जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या : विसरणे कधी सुरू झाले, काय काय बदलले, कोणत्या गोळ्या चालू आहेत. अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. पण डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ बरे वाटते, आणि त्या आपल्याकडे मिळतात.

भगताकडे नेऊ नका. भूत काढण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी आयुष्य घातले.

आपल्या हातात काय आहे

२०२४ साली जगातल्या तज्ज्ञांच्या एका समितीने १४ धोके मोजले आणि सांगितले की ते सगळे दूर झाले तर जवळजवळ निम्मे, म्हणजे शंभरातले ४५ स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील. त्या यादीत कमी शिक्षण, ऐकू न येणे, दिसणे कमी होणे, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखूचा धूर, जास्त दारू, व्यायाम नसणे, उदासी, डोक्याला मार, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषण आहे.

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता, पायाच्या मज्जातंतूंच्या वेदनेने ते रात्ररात्र जागत. त्यांनी त्यावर डॉक्टरांचे उपचार घेतले, अंगारे-धुपारे केले नाहीत. आपल्या घरातली साखरेची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून बंद होते. ती बंद करू नका. मोतीबिंदू पिकेपर्यंत वाट पाहू नका. दारू आणि सिगारेट-बिडी पंचशीलाच्या नजरेने पाहा आणि मेंदूच्या नजरेनेही पाहा.

यातले काही एकट्या घराच्या हातात नाही, हेही खरे. हायवेची धूळ, कचऱ्याचा धूर, मोडकी गल्ली जिथे म्हातारे पडून डोके फोडून घेतात, हे वॉर्ड ऑफिसात जाऊन मांडायचे प्रश्न आहेत. संघटित व्हा, हे आरोग्यालाही लागू आहे.

घरात सांभाळताना

आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. वॉर्डात ड्यूटीला असताना रात्री उठून फिरणाऱ्या म्हाताऱ्यांचे हात आम्ही पट्टीने पलंगाला बांधले आहेत. चाळीस रुग्णांना एक सिस्टर, म्हणून ते रीतच झाले होते. पण बांधलेला माणूस जास्त घाबरतो, जास्त ओरडतो, अंगावर जखमा होतात. त्या म्हाताऱ्यांचे डोळे आजही आठवतात. घरात तरी बांधू नका.

वाद घालू नका. "मी जेवले नाही" म्हणाल्या, तर "आत्ताच जेवलात ना!" असे ओरडून उपयोग नाही. "बरं आई, चहा-बिस्कीट देते" म्हणा. हरवलेले पैसे शोधायला त्यांच्याबरोबर बसा. रोजचा क्रम ठरवा : उठणे, आंघोळ, वंदना, जेवण, एकाच वेळी. भीमगीते लावा. इतर सगळे विसरलेली माणसे गाण्याबरोबर टाळी धरतात, हे आम्ही पाहिले आहे.

वस्तीत सगळी दारे सारखी दिसतात आणि संडास लांब. रात्री दिवा चालू ठेवा. शक्य असेल तर कोपऱ्यात बादली किंवा कमोडची खुर्ची ठेवा. दाराला उंचावर कडी लावा. गल्लीतल्या किराणावाल्याला, रिक्षावाल्यांना, बंदरावरच्या कोळणींना सांगून ठेवा. लपवू नका. आजींना पहाटे बंदरावर ओळखले ते एका कोळणीने, म्हणून त्या घरी आल्या. खिशात नाव, पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी शिवून टाका. गॅसचा कॉक बंद ठेवा.

आणि सूनबाई? अंथरुण धुणे, भरवणे, रात्री जागणे हे सगळे एकट्या सुनेच्या वाट्याला येते. वर आळही तिच्यावरच. दिवसभराच्या कामावर गेलेला मुलगा आईजवळ दोन तास बसला, रविवारी तिची आंघोळ त्याने घातली, तर काही कमी होणार नाही. विहारातल्या महिला मंडळाने पाळी लावली तर सुनेला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल. मनावर ताण आला तर टेली मानसचा १४४१६ क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलतात. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७.

अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी मागवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला सांगितले की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे, आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा. बाबासाहेबांनी ही गोष्ट आपल्या ग्रंथात घेतली आहे. वर्षावासात ती वाचली जाते. यंदा ती वाचताना आपल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचे नाव मनात धरा.

त्या आजींची तपासणी झाली. बी-१२ कमी निघाले, त्याची इंजेक्शने चालू आहेत, थोडी तरतरी आली. बाकीचे स्मृतिभ्रंशाचे आहे असे डॉक्टरांनी सांगितले. ते वाढत जाणार, हेही सांगितले. सूनबाई रडल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे त्या मला मुद्दाम चोर म्हणत नव्हत्या." घरातली निम्मी भांडणे त्या दिवशी मिटली.

नातवाने एक काम हाती घेतले आहे. रोज संध्याकाळी तो मोबाइल चालू करून आजीजवळ बसतो आणि जुन्या गोष्टी विचारतो. गाव कसे सोडले, दांड्यात पहिली झोपडी कुणी बांधली, विहाराला विटा कुणी वाहिल्या, त्या दिवशी दादरला काय पाहिले. आपला इतिहास छापील पुस्तकांत थोडा आणि अशा डोक्यांत जास्त आहे. तुमच्या घरातही असे कुणी असेल. आठवते आहे तोवर विचारून ठेवा.

जय भीम. नमो बुद्धाय.